तर

पंचगंगा शिरोळकडं जाता जाता
एका ठिकाणी कंबरेत वाकते
तिथं आमची सोळा घरं.
अल्याडच्या पंचायतीच्या नकाशात नाहीत,
पल्याडच्याही नाहीत.
तलाठी म्हणाला, हद्द नदीच्या मधोमध.
नदी सरकली, त्याला मी काय करू?

वस्तीचं नाव तर.
एवढंच.
तर म्हणजे नाव लागते ती जागा,
आणि जरच्या मागनं येतं तेही तर.
आमचं जर कुणी विचारलंच नाही.

पहिला आला केरबा भोई,
असं चंद्राक्का सांगते,
आणि तिचं सांगणं दर दिवाळीला बदलतं.
एकदा तो पाच पायली जोंधळ्याच्या बोलीवर आला,
एकदा सासऱ्याशी भांडून,
एकदा कुणा कारभाऱ्याचा घोडा पलीकडं न्यायला.
घोडा मात्र तिन्ही गोष्टींत असतो.

लाकडी नाव परवडायची नाही.
गुऱ्हाळं थंडावली की काईल मागून आणायची,
गोल, पसरट, बुडाला करपल्या गुळाचा वास.
काईल सरळ जात नाही, आजा म्हणायचा,
तिला समजवावं लागतं.
तिच्यातनं नवऱ्या गेल्या, बाळंतिणी आल्या,
मास्तरची सायकल, युरियाची पोती,
आणि एकदा पल्याडचा एक म्हातारा, पांढऱ्यात गुंडाळलेला.
त्या दिवशी काईल जराही फिरली नाही.
मोल सुगीला मिळायचं,
उंबऱ्यामागं शेरभर, आणि वर गुळाचा खडा.

मग पूल झाला.
उद्‌घाटनाच्या सकाळी अल्याडचा भराव खचला
आणि साहेबांना फीत कापायला
आम्हीच पलीकडं नेलं.
फुटलेल्या नारळाची अर्धी वाटी नदीत गेली,
बाबल्यानं सूर मारून काढली.
ती तरीची शेवटची कमाई.
सगळ्यांना एकेक तुकडा आला.

मळी म्हणजे
पूर ओसरल्यावर राहते ती काळी जमीन,
वांगी तिच्यात न सांगता यायची.
मी चौथीत असताना
मळी म्हणजे कारखान्याचं तांबडं पाणी झालं.
वाम, मरळ, सगळे वर येऊन तोंड उघडायला लागले,
दोन्ही गावांनी पाट्या भरून नेले.
आई काठावर बसून राहिली.
जाळं टाकायचं काही कारणच नव्हतं.

दोन हजार एकोणीसला
पाणी पुलावरनं गेलं.
रबरी बोट आली, तिचा पंखा उसात अडकला.
तेव्हा दोन्हीकडनं हाक आली, आरं तर आणा.
सत्तरीचा तुकाप्पा
जुन्या काईलीचं भोक डांबरानं बुजवून निघाला,
दोन दिवस, दोन रात्री.
एक म्हैस कडेकडेनं पोहत आली,
तिचं दावं त्यानं दातात धरलं होतं
कारण हातात वल्हं होतं.

पाणी उतरल्यावर मदतीची यादी लागली.
अल्याडच्या फळ्यावर आम्ही नव्हतो,
पल्याडच्याही.
तुकाप्पाला वाचता येत नाही,
मी नावं वाचून दाखवली, तो मान हलवत गेला.
हा आपल्यातनं गेला. ही बी.
ह्याची उशी भिजली म्हणून शिव्या देत हुता.
मग म्हणाला, चल, च्या पिऊ.

आता नऊ घरं.
पूररेषेची निळी खूण चंद्राक्काच्या चुलीवरनं गेलीय,
ती तिच्यावर टोपलं झाकून ठेवते.

मी राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात असते.
दिवसभर लोकांचे सातबारे, दाखले
गरम गरम हातात देते.
परवा माझाच अर्ज घेऊन गेले होते,
मुक्काम पोस्टच्या पुढं लिहिलं होतं, तर.
कारकुनानं चष्मा वर केला.
तर? तर काय?
वाक्य पुरं करा, ताई.