समासात

रविवारी सहाला सात रस्त्यावरून निघतो आमचा टेम्पो.
मागे टिकाव, पाट्या, पाण्याचे दोन कॅन
आणि पाय सोडून बसलेल्या नरसम्मा बोद्दूल,
तोंडात मिश्री, मांडीवर करंजाची रोपं.
सीनेकाठी पोचेपर्यंत ऊन अंगावर आलेलं असतं.
सोलापूरचं ऊन उगवत नाही,
ड्युटीवर हजर होतं.

मी अडतीस वर्षं मागावर होतो.
टॉवेल विणले. कुणाची तोंडं पुसली त्यांनी, माहीत नाही.
काम सुटलं तसे कान रिकामे झाले,
घरातली शांतता सोसेना, म्हणून इथे आलो.
झाडांच्या प्रेमाने नव्हे.
हे आधीच सांगून ठेवतो.

पहिलं वर्ष काही लावलंच नाही.
वेडी बाभूळ काढत होतो.
तिचा काटा बुटाच्या तळातून वर येतो
आणि महिनाभर पायात राहायला असतो.
वरून तोडली की दुप्पट फुटते,
म्हणून मुळाशी जायचं, कंबर बोलेपर्यंत.
मी शिव्या घालायचो.
नदाफचाचा म्हणायचे,
"सावकाश. ती आपणहून नाय आली,
कुणीतरी बोलवूनच आणलंय तिला."

मग वाळुंज. बिराजदार सरांनी करून दाखवलं:
अंगठ्याएवढी फांदी, खाली तिरका काप,
ओल्या गाळात हातभर खोल.
मूळ नसलेली काठी रोवायची
आणि पुलावरून लोक बघत असताना
तिला झाड म्हणायचं.
याला थोडा निर्लज्जपणा लागतो.

बांधायला सुतळी होती, पण ती साल कापते.
मी जुन्या कारखान्यातून टॉवेलच्या किनारी आणल्या,
कातरून फेकलेल्या, पोतंभर:
निळ्या, लाल, आणि एक नको तितकी गुलाबी.
बिडीचं पान कापणाऱ्या बोटांनी
नरसम्मा गाठ मारतात, घट्ट नाही, सैल नाही,
आणि रोपाशी तेलुगूत काहीतरी बोलतात.
काय बोलता, विचारलं एकदा.
"काय नाय. पानी म्हंजे नीळ्ळु,
येवढंच शिकिवते."

सरांच्या वहीत तीन रकाने:
लावली, जगली, गेली.
जूनमध्ये लावली चारशे बारा.
शेळ्यांनी एकवीस खाल्ली.
वाळूच्या ट्रॅक्टरने एका रात्रीत चौतीस;
चाकांच्या खुणा सरळ, मागावरच्या ताण्यासारख्या,
बघून मला आधी कौतुकच वाटलं, मग लाज.
सर आकडा लिहितात, पेनाला टोपण लावतात.
दुसरं काही करत नाहीत.

सप्टेंबरात सीना आली.
दोन रात्री होती. तिसऱ्या दिवशी गेलो
तर काठ होता तिथे काठ नव्हता.
बाभळीच्या शेंड्यावर कुणाची तरी चप्पल,
"येथे कचरा टाकू नये" ही आमची पाटी
कचऱ्यात, उलटी.
नदाफचाचा आधी हसले. मग खाली बसले.
उरली होती सदुसष्ट.
त्या दिवशी कुणी कुणाला धीर दिला नाही.
नरसम्मांनी कडक भाकरी मोडली,
तिचा आवाज तेवढा झाला.

फेब्रुवारीत, पलीकडच्या काठाला,
जिथे आम्ही कधी पाय ठेवला नव्हता,
दगडांत अडकलेली वाळुंजाची एक काठी दिसली.
आडवी पडलेली. आडवेपणीच फुटलेली.
कमरेला गुलाबी किनार.

आता ही कुठल्या रकान्यात?
लावली आपण, पण इथे नाही.
गेली, हे तर वहीतच आहे.
आणि ही बघा, पानं.
अर्धा तास वाद झाला, ऊन वाढलं,
चाचा म्हणाले, रकानेच खोडा की!
सरांनी शेवटी समासात लिहिलं, बारीक अक्षरात:
"एक. पलीकडे."

ती किनार काचायला लागली असणार,
खोड भरतं तशी गाठ सोडावी लागते,
हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.
पुढच्या रविवारी पॅन्ट दुमडून
गुडघाभर पाण्यातून मी गेलो.
गाठ नरसम्मांची, सुटता सुटेना.
दातांनी सोडवली.

परत आलो, तर बूट तिकडेच राहिलेले.
टेम्पो हॉर्न वाजवत होता.