मास्क

रेवंडकर म्हणाला होता तारकर्लीत,
बाकी सगळं भाड्याचं चालतं मॅडम,
मास्क तेवढा स्वतःचा घ्या.

सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर,
पार्सलची टेप विळीवर कापली.
दिंडोरीचे भावजी चहाला बसलेले.
"औषध मारायचा का? बागेत आम्हीपण..."
नाही, म्हटलं, मासे बघायचा.
त्यांनी बशीवर फुंकर घातली, बराच वेळ.

पट्टा न लावता टेकवायचा,
नाकाने श्वास ओढायचा, हात सोडायचे.
राहिला तर आपला.
वरच्या ओठावर माझ्या टाक्यांचा वण,
सातव्या वर्षी रामकुंडाच्या पायरीवरून घसरल्याचा.
भाड्याचे मास्क तिथूनच गळायचे.
हा राहिला.

रात्री सगळे झोपल्यावर
नवी काच टूथपेस्टने घासली,
आणि आत थुंकले, मनापासून.
भाड्याच्यात थुंकायला लाज वाटायची,
कोणाकोणाचं आधी, कोणाचं नंतर.

समुद्र अजून एक पगार आणि एक रात्र लांब.
श्वास धरून बादलीत तोंड घातलं:
गंगापूर धरणाचं पाणी, निळं प्लास्टिक,
आणि तळाला चिकटलेली माझी जुनी टिकली,
होती त्याहून मोठी.