जवळ्याचा डबा

हर्णैच्या बर्फ कारखान्यात
रात्रपाळीला मी लाद्या मोजतो.
कागदावर लादी पन्नास किलोची,
होडीत पोचेस्तोवर चव्वेचाळीस.
मधले सहा किलो कुणाच्याच नावावर नसतात,
बंदराच्या उतारावर
एक ओली रेघ असते फक्त.

जूनमध्ये बंदी लागली. होड्या वर ओढल्या,
त्यांच्यावर झापं पडली, कॉम्प्रेसर गप्प झाला,
पगार अर्धा.
तेव्हा रिचार्जवाल्या मुश्ताकने दाखवलं,
पैसे नसले तरी सुरू करता येतं.
जाहिरात बघायची, गोल चिन्हावर बोट ठेवायचं,
तासाला एक थेंब.
ह्याला म्हणे नळ म्हणतात.

मला हसू आलं.
आमच्या पाखाडीचा नळ दिवसाआड, पहाटे साडेपाचला,
तोही आधी दहा मिनिटं नुसता खोकतो,
आणि हंड्यांच्या रांगेत भागूआत्याचा हंडा
कायम पहिला, ती झोपलेली असली तरी.
ह्या दुसऱ्या नळाला रांग नव्हती.
रेंज तेवढी जेट्टीच्या टोकाला,
म्हणून मी टोकाला बसायचो
सुवर्णदुर्गाकडे पाठ करून,
दातांच्या पेस्टची तीच बाई
चाळीस चाळीस वेळा बघत.

पहिल्या दिवशी त्याने बारा शब्द दिले.
म्हणाला, हे हरवलेस तर संपलं,
कुणी बघितले तरी संपलं.
इंग्रजी शब्द, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.
त्यात मीठ होतं, मासा होता.
बाकीचे दहा सांगणार नाही.
बर्फाच्या पावतीमागे लिहिले,
पावती दुधाच्या पिशवीत,
पिशवी सुक्या जवळ्याच्या डब्यात.
त्या वासात कोण हात घालणार?
मांजर सोडून.

ऑगस्टमध्ये एकजण फोनवर आला.
गोड बोलायचा, दादा म्हणायचा.
पाचशे पाठव, संध्याकाळी हजार.
पाचशे माझ्याकडे नव्हतेच,
भागूआत्याकडे मागायला गेलो लिलावात.
ती पापलेटाच्या टोपलीशी उकिडवी,
पदरात नोटा, तोंडात मिश्री.
ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली,
"न मागता जो दुप्पट देतो ना,
त्याची टोपली आधी उलटी करून बघ.
वरचा थर मी पण ताजाच लावते रे."
आणि तिथेच, गिऱ्हाईकासमोर,
स्वतःच्या टोपलीवर बर्फ जरा जास्त पसरला.

आठ महिने झाले.
शून्य, टिंब, चार शून्यं,
मग कुठे माझे तीन आकडे.
एवढ्या शून्यांच्या मागे उभं राहायची
मला सवय आहे,
सोसायटीच्या डिझेलच्या रांगेत असतो तसा.
काढायला गेलो तर फी जास्त.
म्हणजे आहेत माझे, पण माझ्यापर्यंत येत नाहीत.
मुश्ताक म्हणतो, थांब.
त्याने स्वतः कधीच विकलं, नवा फ्रीज घेतला,
त्यात आता थंडा ठेवतो.

काल आयेला दाखवलं.
तिने फोन लांब धरला, चष्म्याशिवाय.
"किती?"
दोनशे बारा.
"काल?"
काल दोनशे चाळीस होते.
"उद्या?"
कुणाला माहीत.
ती हसली, बऱ्याच दिवसांनी, दाढेतली फट दिसेल अशी.
"अरे, मग मासळीच की.
एवढं शिकून शेवटी धंदा आपलाच धरलास."
आणि जवळा घ्यायला डबा उघडला.
माझा जीव घशात.
तिने मूठभर काढला, पिशवी बाजूला सारली,
झाकण नीट दाबून बसवलं.
काही विचारलं नाही.
तिला ठाऊक असावं, मला वाटतं पहिल्या दिवसापासून.

आता साडेतीन वाजलेत.
पहिली लादी साच्यातून सुटताना
फोन खिशात थरथरला, नळाची वेळ.
बोट ठेवलं तर काचेला कळेना.
ओलं होतं, थंड होतं,
तिच्या हिशेबी बहुतेक बोटच नव्हतं.
शर्टला पुसलं. पुन्हा ठेवलं.
बाहेर कुणीतरी नाव घेऊन ओरडतोय,
आठ लाद्या, लवकर, पाणी भरतंय.