नोंदीसाठी

डुलूथच्या कोर्टात सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांचं बोलणं टिपत आले.
माझ्या यंत्राला बावीस कळा.
बोटं पडली की शब्द उमटतो.
कोण रडलं, त्याला कळ नाही.

इर्या कोस्केला, वय एकसष्ट, बेकरीत कामाला.
पहाटे साडेतीनला पिठाच्या गोण्या उतरवताना
ट्रकचा लोखंडी फळा सुटला,
उजव्या हातावर आला.
कंपनीचा वकीलसुद्धा म्हणाला, चूक आमचीच.
वाद होता तो फक्त किती, याचा.

सहा जण आत गेले, जेवण मागवलं,
सव्वादोन तासांत बाहेर आले.
प्रश्न पहिला, दवाखान्याचा खर्च :
एकेचाळीस हजार सहाशे आठ डॉलर, बारा सेंट.
प्रश्न दुसरा, बुडालेला पगार :
एकोणीस आठवडे, पै न् पै.
प्रश्न तिसरा, वेदना :
शून्य.
ज्युरीचा म्होरक्या निवृत्त भूमापक.
शून्य त्याने नीट काढलं होतं,
टोकाला टोक जुळवून,
जमिनीची हद्द पुरी करावी तसं.

त्या बारा सेंटांचं मला अजून नवल वाटतं.
गोळ्यांच्या पावतीवरचे बारा सेंट दिसले,
गोळ्या कशासाठी, ते नाही.

तिचा वकील टफ्ट, कोटाला कायम मांजराचे केस.
त्याने फेरसुनावणी मागितली. फेटाळली.
मग अपील.
जिन्यात तो तिला समजावत होता :
वरचे तिघे तुम्हाला पाहणार नाहीत.
तिथं साक्ष नाही, काही नाही.
ते फक्त कागद वाचतात.
ती म्हणाली,
"मग कागदात माझा हात कुठंय?"

कागद माझा होता.
रात्री मी पान दोनशे चौदा काढलं.
प्रश्न : वेलदोड्याच्या पावाची वेणी आता कशी घालता?
उत्तर : अशी. (साक्षीदार दाखवते.)
काय दाखवते, ते लिहायचं नसतं.
मला आठवत होतं :
तिने हवेत तीन पदर धरले,
तिसरा सुटला. पुन्हा धरला. सुटला.
दोन बोटं मागंच राहिली,
दाराशी बूट काढत रेंगाळलेल्या पाहुण्यांसारखी.
ज्युरीतली एक बाई
तेव्हा आपली अंगठी फिरवत होती.

शेवटच्या पानावर मी सही केली :
वरील नोंद खरी व संपूर्ण आहे.
खरी, हो.

अकरा महिने.
सरोवर गोठलं, फुटलं, खनिजाची जहाजं आली.
मग सेंट पॉलहून नऊ पानी निकाल :
दोन शस्त्रक्रिया मान्य आणि वेदना शून्य,
हे दोन्ही एका कागदावर बसत नाही.
तिसरा प्रश्न तेवढा पुन्हा विचारा.
पान दोनशे चौदाचा उल्लेख कुठंच नव्हता.

नवे सहा जण. तोच कठडा.
टफ्टने विचारलं, वेणी कशी घालता?
तिने हात उचलला,
आणि तसाच खाली ठेवला.
माझ्याकडे पाहिलं.
सव्वीस वर्षांत कुणी साक्षीदार
माझ्याकडे बघून बोललेला नाही.
मग हळू, पोराला शुद्धलेखन घालावं तसं :
"करंगळी वळत नाही.
शेजारचं बोट वळतं, पण उशिरा.
तिसरा पदर सुटतो.
रात्री हात उशीखाली ठेवते,
तिथंही तो जागा असतो."

मी मान खाली घातली
आणि एकेक कळ दाबत गेले.