जाऊन-येऊनचे निम्मे

थाळनेरला पोचले तेव्हा तापीवर ऊन बसलं होतं.
बुरजासमोर तिवई रोवली, बुडबुडा मध्यावर आणला,
आणि यंत्राचं डोकं फिरू लागलं.
अर्धीच फेरी, कारण आतला आरसा
पुढचं-मागचं एकाच झपाट्यात बघतो.

धुडकू आप्पा उमेदीत विहिरींचा गाळ काढायचे.
आता माझे पांढरे गोळे खुणेवर ठेवायला आलेत, रोजावर.
एक गोळा मांडीवर घेऊन विचारलं,
"हाई काय फेकी राहिनं?"
उजेड, मी म्हणाले.
दगडाला लागतो, परत येतो.
जाण्यायेण्याचा वेळ धरायचा,
उजेडाच्या चालीनं गुणायचा,
निम्मा करायचा. झालं अंतर.
"निम्मा काब्र?"
दोनदा चालला ना तो, आप्पा.

बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, आम्ही आडात खडा टाकायचो,
मनात मोजायचो. तीनाला बुडुक वाजलं
की दोर वीस हात.
खडा कधी परत आला नाही, आवाज यायचा.
तुझ्या उजेडाला आवाज नाही का?

आरशाच्या बगलेबगलेनं आम्ही उकिडवे सरकत होतो,
म्हणजे मोजणीत आम्ही नको.
तेवढ्यात बकरी घुसली.
संध्याकाळी पडद्यावर सापडली:
पुढचे पाय, पोटाच्या चार पट्ट्या, शेपूट नाही.

बुरूज ठिपक्याठिपक्यांनी उभा राहिला.
निंबावर एकच किरण थोडा पानाशी अडला,
थोडा फटीतून भिंतीपर्यंत गेला,
दोन अंतरं घेऊन आला, दोन्ही खरी.
भिंतीमागे काळं.
जिथे उजेड पोचला नाही तिथे हे यंत्र
अंदाज करत नाही. एवढ्यासाठी मला ते आवडतं,
माणसांपेक्षा थोडं जास्तच.

आणि तापी नव्हती.
तिरका पडलेला उजेड पाण्यावरून
पलीकडे घसरला, माघारी आलाच नाही.
दोन्ही काठ बोटभरही न चुकता, मध्ये काहीच नाही.
आप्पांनी त्या काहीच-नाहीवर बोट ठेवलं.
"आठे मी पव्हनू."

आणि तू कुठे होतीस, असंही विचारलं.
दाखवलं: सगळ्या ठिपक्यांच्या मधोमध
परातीएवढं रिकामं गोल.
यंत्राला पायाखालचं दिसत नाही.
उद्या तिवई पलीकडे हलवायची,
मग तिथून दिसेल ही जागा,
आपण नसलेली.

अंधार पडला. गोळे मोजून पेटीत ठेवले, सहाच्या सहा.
आप्पांनी जाता जाता काठावरून
खाली एक खडा सोडला.
दोघंही मोजू लागलो, ओठ न हलवता.
आवाज आला.
सवयीनं मी निम्मे केले
आणि चुकले.