बावीस पायऱ्या

घणसोली गावठाणात, मढवींच्या चाळीमागं,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून
आप्पांनी घर बांधलं.
खाली भाडेकरू, वर आम्ही,
बाहेरचा गिलावा अर्ध्यावर थांबलेला,
कारण मधेच पैसे संपले, असं आई सांगायची.
जिन्याला बावीस पायऱ्या होत्या.

सलग बावीस वाजल्या
की आज खिसा रिकामा.
नवव्या पायरीला थांबा, कठड्यावर अंगठीची टकटक,
म्हणजे लाडात येणार,
कुंदनला झोपेतून उठवून सतराचा पाढा विचारणार,
अडला की मारणार नाहीत, रडतील.
आणि पायरी एकही न वाजता कडी हलली
तर चपला हातात घेऊन आलेत.
मग कुंदनला पलंगाखाली सारायचं
आणि आपण झोपलेलं दिसायचं.
झोपलेल्या माणसाचा श्वास किती लांब असतो
हे मला आठव्या वर्षी तोंडपाठ होतं.

बाई म्हणायच्या, किती समजूतदार पोर!

रबाळ्याच्या कंपनीतून फोन आला
की आई रिसीव्हर माझ्याच हातात द्यायची.
लहान पोर खोटं बोलत नाही ना.
आप्पांना ताप आहे. आप्पांना मलेरिया झालाय.
आजार मी विज्ञानाच्या पुस्तकातून घ्यायचे,
पाठामागून पाठ.
कावीळ जरा लवकरच वापरून टाकली.
पुढं ती खरंच झाली,
डोळे हळदीसारखे झाले,
तेव्हा सुपरवायझर फोनवर हसला.

आमचे सणही वेगळेच.
दोन ऑक्टोबरला मी ठेवणीतला फ्रॉक घालायचे,
दुकानं बंद म्हणून.
आप्पा एक तारखेलाच साठा करून ठेवतात
हे कळलं त्या वर्षी
फ्रॉकही आखूड झाला होता.

आता मी खारघरला, सातव्या मजल्यावर.
इथं लिफ्ट आहे.
लिफ्टला पाऊल नसतं,
कोण येतंय, कसं येतंय, काही कळत नाही.
म्हणून साडेआठला मी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी.
नवरा म्हणतो, अगं, बेल वाजवतोच आहे ना मी.
तो बिचारा खोकल्याचं औषधही
बाटलीवरचं वाचून घेतो.
तरी बूट काढेपर्यंत त्याचा चेहरा मी दोनदा तपासलेला असतो.
तो नुसता दमलेला असतो.
दमलेला माणूस असाही गप्प बसतो,
हे मला चाळिशीला आल्यावर शिकावं लागतंय.

कुंदन फक्त शनिवारी घेतो.
मी विचारत नाही.
हळदीच्या मांडवात, डीजेच्या आवाजात,
तोच कानाशी येऊन ओरडतो :
ताई, फक्त शनिवारी.
तो दिवस बुधवार होता.

आणि आप्पांनी सोडून चार वर्षं झाली.
डॉक्टरनं सोडवली म्हणा, भीतीनं म्हणा.
रविवारी बसनं येतात, नातीसाठी राजगिऱ्याची चिक्की आणतात,
सोफ्याच्या कडेला टेकून बसतात,
परक्याच्या घरी आल्यासारखे.
"बाय, पानी दे गो."
इतक्या हळू आवाजात
त्यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.
मी देते. ते ग्लास रिकामा करतात,
मिशी पुसतात,
माझ्याकडे बघत नाहीत.

स्वयंपाकघरात येऊन
मी तो ग्लास नाकाशी नेते.
दर रविवारी.
माझ्याच घरचं पाणी, माझ्याच हातानं भरलेलं.

परवा ओट्याशी स्टुलावर ईरा चिक्की खात होती.
"आई, पाण्याला वास असतो?"
नसतो, म्हटलं.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
सहा वर्षांच्या मुलीनं बघू नये इतका वेळ.
मग माझ्या हातातून ग्लास घेतला
आणि हुंगला.