सोर्सपासून

तनवीर म्हणाला, पॅकेज टाक ना लेका.
एक ओळ लिही, एंटर मार,
चहा संपायच्या आत टीव्ही रेकॉर्ड व्हायला लागतो.
त्याच्या घरी लागलाही होता.
डबा कपाटात, डब्यावर प्लास्टिकची फुलं,
आणि त्याची अम्मी रोज दुपारी
काल रात्रीची मालिका बघते, थांबवून थांबवून.

माझ्याकडे तेच पॅकेज आलं, जुनं.
जिंतूर रोडच्या भंगारातून साडेतीनशेला आणलेलं
माझं ट्यूनर कार्ड त्याच्या ओळखीचंच नव्हतं.
चित्र यायचं. आवाज दोन सेकंद मागून,
लांबच्या शेतात कुऱ्हाड पडलेली दिसते
आणि ठोका नंतर ऐकू येतो, तसा.

बुधवारी आठ दहाला केबलवर बाबांची मुलाखत होती.
सदतीस वर्षं लाइनमन,
त्याची बारा मिनिटं.
ती मला ओठ आणि शब्द एकत्र असलेली हवी होती.

म्हणून सोर्स उतरवला.
मंगळवारी रात्री कॉन्फिगर:
हे नाही, ते नाही, आहे त्याची ही आवृत्ती नाही.
एक लायब्ररी बोलावली, ती तीन पाहुणे घेऊन आली,
त्यातल्या एकाला आपलं कांदा-लसूण चालत नव्हतं.
आवाजाच्या फाइलीत वरच कुणा योर्गनं,
ब्रेमेनच्या, लिहून ठेवलेलं:
हे का चालतं मला माहीत नाही. हात लावू नका.
जगात जर्मनी, भारतात परभणी!
रात्री दीडला पंख्याखाली मी एकटाच हसलो
आणि हात लावला.
ओळ चारशे बारा. एक शून्य काढलं.

मेक.
ओळी वर सरकत राहिल्या,
खोली तापत राहिली, आधीच मे महिना.
चाळीस टक्क्यांवर लाइट गेली.
अंगणातून, बाजेवरून, डोळे न उघडता बाबा म्हणाले,
‘वसमत रोडचा फीडर. पावणेतीनला येईल.’
दोन सत्तेचाळीसला आली.

पहाटे चूळ भरता भरता त्यांनी विचारलं,
‘कामून करायलास एवढं? तयार भेटत नाही का?’
‘भेटतं.’
ते मीटरच्या पेटीकडे बघत राहिले.
आमच्या घरात अजून कंपनीचा फ्यूज नाही.
चिनीमातीच्या किटकॅटमध्ये त्यांनी हातानं ओढलेली तार,
किती पदरी ते त्यांनाच ठाऊक,
आई त्यावरून आयुष्यभर बोलली.
पुढं त्यांनी काही विचारलं नाही.

बुधवारी सात छप्पन. शंभर टक्के, एकही चूक नाही.
आठ नऊला लाल बटण.
आठ दहाला निवेदिकेनं नमस्कार केला,
आणि सगळी गल्ली काळी.
बाबा पाटावर बसले होते, धुतलेला सदरा घालून.
‘हा फीडर नाही,’ म्हणाले, ‘हा डीपी गेला,’
आणि चपला शोधू लागले,
निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला माणूस.

आठ पंचवीसला माझ्या यंत्रानं
स्वतःहून उठून पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं:
बोअरच्या मोटारीची जाहिरात, सव्वा मिनिट,
ओठ आणि शब्द एकदम, टाचणीभर फरक नाही.
ती फाइल मी पुसलेली नाही.

तनवीरकडं इन्व्हर्टर आहे.
गुरुवारी त्यानं पेनड्राइव्ह आणून दिला,
बारा मिनिटं, पॅकेजनं केलेली, सुरेख.
काही बोलला नाही, फक्त चहाचा कप हातात धरून
मुद्दाम हळूहळू पीत बसला.

बाबांनी स्वतःला एकदाच बघितलं, तेही अर्धं.
सातव्या मिनिटाला म्हणाले, थांबव.
पडद्यावर ते सत्काराची शाल सावरत होते,
पण बोट गेलं मागं, खिडकीबाहेरच्या खांबावर.
‘तो जोड दिसला? डावीकडचा.
एक्क्याण्णवचा आहे. माझा.’

मला काही दिसत नव्हतं, चार-पाच राखाडी ठिपके.
हो म्हणालो.